गाभण शेळी आणि तुमचा फोन: तारीख, टायमर आणि डॉक्टरांना पाठवायचा व्हिडिओ

आज विषय थोडा वेगळा आहे. फोन तोच, कॅलेंडर तेच, स्टॉपवॉच तेच, पण वापर गोठ्यात. तुमच्या घरी किंवा गावी शेळ्या असतील आणि त्यातली एखादी व्यायला आली असेल, तर खिशातला फोन खरंच कामाला येतो. पण चुकीचा वापरला तर नुकसानही करतो. हे मी ऐकीव सांगत नाहीये, माझ्याच हातून झालेलं आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाव धाराशिव जिल्ह्यात. घरी सात-आठ उस्मानाबादी शेळ्या, सगळं आई-आप्पा बघतात. मागे एकदा सुट्टीत गेलो होतो, तेव्हा मोठ्या हौसेने आप्पांच्या फोनवर एक स्प्रेडशीट बनवून दिली. शेळीचं नाव, बोकड दाखवल्याची तारीख, आणि शेजारी आपोआप येणारी व्यायची तारीख. आप्पा तोवर हे सगळं गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहायचे.

चांदी नावाच्या शेळीला ८ मे रोजी बोकड दाखवला होता. शीटने व्यायची तारीख दाखवली २ जानेवारी. सप्टेंबरच्या शेवटी आप्पांचा फोन आला, "अरे, चांदीची कास उतरलीय. व्यायला झालीय बघ ती." मी इकडे मीटिंगमधून उठून म्हणालो, "आप्पा, शीटमध्ये जानेवारी दाखवतंय, अजून तीन महिने आहेत. खुराक जास्त झाला असेल." लेक इंजिनिअर आहे म्हटल्यावर आप्पा गप्प बसले.

४ ऑक्टोबरच्या रात्री चांदी इतर शेळ्यांच्या गर्दीत व्यायली. सकाळी आई गोठ्यात गेली तेव्हा एक करडू उभं राहून दूध पीत होतं. दुसरं शेजारीच मेलेलं पडलं होतं. नाकातोंडावरचा पातळ पडदा तसाच होता. कोणी जवळ असतं तर तो पडदा पुसायला पाच सेकंद लागले असते.

म्हणून या लेखात फोनचा वापर तर सांगणार आहेच, पण त्याआधी एक नियम: तारीख फोनने मोजायची, पण शेवटचा शब्द शेळीच्या अंगावरच्या खुणांचा.

चूक नेमकी कुठे झाली?

शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. पाच दिवस इकडे-तिकडे, म्हणजे १४५ ते १५५. त्यामुळे हिशोब सोपा आहे, तारखेत १५० मिळवायचे. ८ मे अधिक १५० म्हणजे ५ ऑक्टोबर. चांदी अगदी वेळेवर व्यायली होती.

मी मात्र तारीख आकड्यांत टाकली होती, ०८/०५. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. त्या शीटची प्रादेशिक सेटिंग मात्र अमेरिकेची राहिली होती, आणि तिकडे आधी महिना, मग दिवस. सॉफ्टवेअरने ८ मे ऐवजी ५ ऑगस्ट वाचलं आणि त्यात १५० मिळवून २ जानेवारी दिली. बेरीज बरोबर, तारीख चूक.

यातली खरी मेख अशी की ही चूक दरवेळी दिसत नाही. २० मे टाकलं असतं, तर विसावा महिना नसतोच, त्यामुळे शीटने ती तारीख मानलीच नसती आणि पुढे एरर आली असती. पण दिवस १ ते १२ मधला असेल तर कुठलाही आवाज न करता दिवस-महिना उलटे होतात. वर्षात अशा १३२ तारखा आहेत. म्हणजे तिनातली एक तारीख धोक्याची.

उपाय अगदी साधे:

- महिना नेहमी अक्षरांत दिसेल असा ठेवा. सेलचा फॉरमॅट बदला आणि तारीख टाकल्यावर महिन्याचं नाव बरोबर आलंय का ते वाचून बघा.
- शीटच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत आहे का ते तपासा.
- तोंडी हिशोबाने पडताळा घ्या. पाच महिने पुढे जा आणि दोन-तीन दिवस मागे या. १५ ऑगस्ट असेल तर १५ जानेवारीच्या तीन दिवस आधी, म्हणजे १२ जानेवारी.
- शेळी साधारण २१ दिवसांनी परत माजावर आली तर ती राहिलेली नाही असं धरा. पुन्हा बोकड दाखवाल ती तारीख नवीन.
- भिंतीवरचा खडू बंद करू नका. तो आपला बॅकअप.

बोकड कायम कळपातच असेल तर नेमकी तारीख मिळणारच नाही. तेव्हा सगळी भिस्त पुढे दिलेल्या खुणांवर.

कॅलेंडरमध्ये कोणते रिमाइंडर लावायचे?

फक्त व्यायची तारीख टाकून उपयोग नाही. खरी काळजी शेवटच्या दीड महिन्यात घ्यायची असते. बोकड दाखवल्याच्या दिवसापासून मोजून हे पाच रिमाइंडर लावा. तुम्ही शहरात असाल तर घरच्यांचं कॅलेंडर शेअर करून घ्या, म्हणजे दोन्ही फोनवर वाजेल.

१०० वा दिवस: खुराक. पोटातल्या पिल्लांची बरीचशी वाढ शेवटच्या ५० दिवसांत होते. त्याच वेळी पिल्लांमुळे शेळीच्या पोटात चाऱ्याला जागा कमी उरते. म्हणून थोडं थोडं, पण जास्त वेळा खायला द्या. चारा आणि खनिज मिश्रणासोबत रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक, तोही हळूहळू वाढवत. एकदम भरपूर धान्य घातलं तर पोट बिघडतं. दूध काढत असाल तर व्यायच्या साधारण दोन महिने आधी ते आटवलेलं असावं.

१२५ वा दिवस: डॉक्टरांना फोन. आंत्रविषाराची लस व्यायच्या तीन-चार आठवडे आधी दिली, तर आईच्या चिकातून करडांनाही संरक्षण मिळतं. कोणती लस, कधी आणि जंताचं औषध द्यायचं की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. गाभण शेळीला मनाने कुठलंही औषध देऊ नका.

१४० वा दिवस: जागा आणि सामान. शेळीला वेगळा, कोरडा कोपरा द्या. साधारण पाच बाय पाच फूट पुरेल. कळपात मारामारी होते, अरुंद दारात रेटारेटी होते, आणि पोटाला मार बसतो.

१४५ वा दिवस: रात्रीची पाळी सुरू.

१५५ वा दिवस: अजून व्यायली नसेल तर डॉक्टरांना कळवा.

या काळात एक गोष्ट मात्र कुठलंही ॲप सांगणार नाही. शेळीने खाणं सोडलं, ती एकटी मान खाली घालून उभी राहते, पाय ओढते किंवा तोंडाला गोडसर वास येतो, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. पोटात जुळी-तिळी असली आणि अंगातली ताकद कमी पडली की असं होतं. हा आजार जीवघेणा आहे.

रोज एक फोटो

आप्पांना "कास उतरलीय" हे नजरेने कळतं, कारण त्यांची चाळीस वर्षं त्यात गेली. आपल्याला तेवढी नजर नाही. त्यासाठी १३५ व्या दिवसापासून रोज एकाच वेळी, मागच्या बाजूने, त्याच अंतरावरून एक फोटो काढा. वेगळा अल्बम करा. आजचा आणि पाच दिवसांपूर्वीचा फोटो आलटून-पालटून बघितला की फरक लगेच कळतो:

- कास भरत जाते. व्यायच्या जवळ ती ताणलेली, चकचकीत दिसते आणि सड फुगतात.
- शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडतात. बोटाने दाबलं तर आधी दोरीसारख्या लागणाऱ्या शिरा सैल, जवळपास गायब झालेल्या वाटतात. हे झालं की बहुतेक वेळा एका दिवसाच्या आत व्यायला सुरुवात होते.
- निरण सुजते, लांबट होते. चिकट स्राव दिसू लागतो.
- शेळी वेगळी जाऊन उभी राहते, पायाने जमीन उकरते, उठ-बस करते, पोटाकडे वळून बघते, हळू आवाजात ओरडते.

सगळ्याच शेळ्यांत सगळ्याच खुणा दिसतील असं नाही. पहिल्या वेताच्या शेळीची कास कधी कधी अगदी शेवटी भरते. पण खुणा दिसत असतील आणि कॅलेंडर म्हणत असेल "अजून वेळ आहे", तर चूक कॅलेंडरची आहे असं समजा. मी हेच केलं नाही.

जुना फोन कॅमेरा म्हणून लावायचा का?

लावता येतो. घरात पडून असलेला जुना अँड्रॉइड फोन घ्या, त्यात आणि तुमच्या फोनमध्ये कॅमेऱ्याचं एखादं ॲप टाका, की अंथरुणातून गोठा दिसतो. पण चार गोष्टी आधी माहीत असू द्या.

डेटा: अगदी हलका व्हिडिओ धरला, सेकंदाला ०.५ मेगाबिट, तरी तासाला सुमारे २२५ एमबी जातात. रात्रीचे आठ तास म्हणजे १.८ जीबी. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये पुढे काहीच उरत नाही. घरी वायफाय असेल तरच रात्रभर चालू ठेवा. नाहीतर दर दोन तासांचा अलार्म लावून उठून बघणं स्वस्त आणि खात्रीचं.

अंधार: साध्या फोनच्या कॅमेऱ्याला अंधारात दिसत नाही. गोठ्यात एक छोटा मंद बल्ब लागेल.

वायर: शेळी चार्जरची वायर चावते. नक्की चावते! फोन आणि वायर दोन्ही तिच्या तोंडाच्या पुढे, उंचावर बांधा. गवताच्या ढिगाशेजारी फोन चार्जिंगला ठेवू नका.

नोटिफिकेशन: हालचाल झाली की अलर्ट येण्याची सोय छान वाटते, पण शेळी रात्रभर हलते. पन्नास खोटे अलर्ट आले की माणूस फोन सायलेंट करतो आणि एकावन्नावा खरा असतो. कॅमेरा फक्त बघण्यासाठी ठेवा, राखणीला माणूसच हवा.

त्या रात्रीसाठी फोनची तयारी

व्यायच्या वेळी तुमचे हात ओले आणि चिकट असतात. फिंगरप्रिंट लागत नाही, टचही धड चालत नाही. त्यामुळे संध्याकाळीच हे करून ठेवा:

- फोन पूर्ण चार्ज, सोबत पॉवर बँक. लाईट नेमकी तेव्हाच जाते.
- फोन स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीवरून टच चालतो का ते आधी बघून घ्या.
- स्क्रीन बंद व्हायची वेळ दहा मिनिटांवर.
- डॉक्टरांचा नंबर होम स्क्रीनवर, एका टचमध्ये लागेल असा.
- १९६२ सेव्ह करा. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठीचा हा टोल फ्री नंबर आहे. मात्र रात्री दोन वाजता गाडी येईलच असं धरून चालू नका. आपल्या भागात रात्री कोण येऊ शकतं ते दिवसाच विचारून दुसरा नंबरही ठेवा.
- उजेडासाठी फोनच्या टॉर्चपेक्षा डोक्याला बांधायची बॅटरी बरी. दोन्ही हात मोकळे राहतात.

सोबत स्वच्छ कोरडी फडकी, हातमोजे, टिंक्चर आयोडीन, उकळून घेतलेली कात्री आणि दोरा, कोमट पाणी एवढं तयार असू द्या.

आता स्टॉपवॉच सुरू करा

व्यायची सुरुवात अस्वस्थपणाने होते. हा पहिला टप्पा काही तास चालतो. यात आपलं काम फक्त लांबून बघायचं. सारखी टॉर्च मारू नका, गर्दी करू नका. नंतर शेळी जोर लावायला लागते. तो जोर दिसला की स्टॉपवॉच चालू करा. पाणमोट दिसली, फुटली, पाय दिसले, प्रत्येक गोष्टीला लॅपचं बटण दाबा किंवा छोटी व्हॉइस नोट करा. रात्री घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात, आणि कधी कधी अर्धा तास पाच मिनिटांसारखा. डॉक्टर पहिला प्रश्न "किती वेळ झाला?" हाच विचारतात. तेव्हा अंदाज नको, आकडा हवा.

या वेळा लक्षात ठेवा:

- जोराच्या कळा देऊन ३० मिनिटं झाली आणि काहीच बाहेर दिसत नाही: फोन करा.
- पाय दिसतायत, पण १५ ते २० मिनिटांत जराही पुढे सरकत नाहीत: फोन करा.
- पहिलं करडू झालं, शेळी पुन्हा जोर लावतेय आणि ३० मिनिटांत दुसरं आलं नाही: फोन करा.
- खूप रक्त जातंय किंवा घाण वासाचा, काळपट स्राव येतोय: वेळ न बघता फोन करा.
- व्यायल्यावर १२ तासांत वार पडली नाही: फोन करा. लोंबणारी वार कधीही ओढू नका.

करडू सरळ असेल तर आधी दोन पुढचे पाय दिसतात, खुरांचे तळवे खाली, आणि त्या पायांवर टेकलेलं नाक. तळवे वर असतील तर बहुतेक ते मागचे पाय असतात. दोन्ही मागचे पाय सोबत येत असतील तर तसंही करडू सुखरूप होतं, पण त्यात उशीर चालत नाही, डॉक्टरांना लगेच कळवा. फक्त डोकं, एकच पाय किंवा नुसती शेपटी दिसली तर करडू आडवं-तिडवं अडकलंय. ओढू नका. ओढल्याने शेळीची पिशवी फाटू शकते.

डॉक्टरांना व्हिडिओ कसा पाठवायचा?

फोन आडवा धरा. उजेड बाजूने द्या, समोरून नको, नाहीतर ओल्या अंगावर सगळं पांढरं दिसतं. आधी पाच सेकंद पूर्ण शेळी, मग दहा सेकंद मागची बाजू जवळून. एवढं पुरे. एक मिनिटाचा व्हिडिओ गावच्या नेटवर्कवर जात बसतो. रेंज नसेल तर एक स्पष्ट फोटो पाठवा. त्याखाली तीन ओळी लिहा: कितवं वेत, जोर कधीपासून लावतेय, आता काय दिसतंय. आणि पाठवून वाट बघत बसू नका, सोबत कॉल करा. रात्री कोणी मेसेज बघत नाही.

त्या वेळी ऑनलाइन व्हिडिओ बघून हात घालणं टाळा. तिथला माणूस ते शंभरदा केलेला असतो आणि आपल्याला फक्त शेवट दिसतो. तसंच एआय चॅटबॉटला विचारून इंजेक्शन देऊ नका. कळा वाढवायचं इंजेक्शन करडू अडकलेलं असताना दिलं तर शेळी जाऊ शकते. चॅटबॉटला समोरची शेळी दिसत नसते, डॉक्टरांना निदान व्हिडिओत तरी दिसते.

करडू झाल्यावर पहिला तास

फोन बाजूला ठेवा. आधी नाकातोंडावरचा पडदा आणि चिकटा पुसा. श्वास सुरू नसेल तर कोरड्या फडक्याने अंग जोरात चोळा. मग आईला चाटू द्या. नाळेचं टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा.

आता पुन्हा टायमर: एक तास. तेवढ्या वेळात करडाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासागणिक कमी होत जाते आणि साधारण एका दिवसात संपते. पहिल्या २४ तासांत वजनाच्या दहावा हिस्सा चीक हवा, म्हणजे २ किलोच्या करडाला २०० मिली, थोडा थोडा करून. करडू उभं राहत नसेल तर चीक काढून बाटलीने पाजा. वार पडायच्या आधीच पाजा, "आधी वार पडू दे" म्हणून थांबू नका.

वार, रक्त, पाणी यांना हातमोज्यांशिवाय हात लावू नका. काही आजार यातून माणसांना होतात. घरातल्या गरोदर बाईला या कामापासून लांब ठेवा. वार खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका.

शेवटी

चांदी यंदा पुन्हा गाभण होती. या वेळी शीटमध्ये महिना अक्षरांत होता, रिमाइंडर आमच्या दोघांच्या फोनवर होते. १४६ व्या दिवशी आप्पांनी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आज रात्री व्याते." शीटनुसार अजून चार दिवस होते. मी फक्त विचारलं, "पॉवर बँक चार्ज आहे ना?" पहाटे तीन वाजता व्हिडिओ कॉल आला. दोन करडं, दोन्ही उभी. दुसऱ्याच्या तोंडावरचा पडदा आईने पुसला होता.

गावी कोणाकडे गाभण शेळी असेल तर आजच त्यांना फोन करा आणि बोकड दाखवल्याची तारीख विचारा. महिन्याचं नाव घेऊन विचारा.